ठिपका घरी, मुलगा रस्त्यावर

वाचक आईचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“ताई, माझ्या मुलाला 18 पूर्ण झाली आणि चार महिन्यांपूर्वी गाडीचा परवाना मिळाला. त्याच आठवड्यात मी त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. चोरून नाही, त्याला सांगून. तोही तेव्हा ‘टाक’ म्हणाला. गाडी किती वेगात होती, ब्रेक जोरात दाबला का, चालवताना फोन हातात घेतला का, सगळं मला कळतं. शिवाय तो कुठे आहे ते नकाशावर दिसतं. आधी तो गाडी घेऊन गेला की तेवढंच बघायचे. आता ऑफिसात बघते, जेवताना बघते, रात्री जाग आली तरी बघते. मागच्या महिन्यात त्याला विचारलं, मंगळवारी चार वाजता कॉलेज सोडून नदीकाठी काय करत होतास? तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून कामापुरतं बोलतो. परवा रात्री मित्राकडे अभ्यासाला गेला होता. ठिपका तीन तास मित्राच्या घरावर होता. नंतर त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळलं, की फोन तिथेच ठेवून चौघं मित्र आमची गाडी घेऊन हायवेला फिरून आले. यांचं म्हणणं, गाडी आपली, फोन आपण घेऊन दिलेला, बघायचा हक्क आपला. माझी बहीण म्हणते, काढून टाक ते ॲप, नाहीतर मुलगा हातचा जाईल. मला काढवतही नाही आणि ठेवूनही चैन नाही. काय करू?”

ताई,

हायवेची गोष्ट तुम्ही दोन ओळींत उरकलीत आणि नदीकाठच्या मंगळवारबद्दल मूळ पत्रात दीड पान लिहिलंत. माझ्या लेखी महत्त्व नेमकं उलटं आहे.

त्या रात्रीचं चित्र नीट डोळ्यांसमोर आणा. परवाना हातात येऊन चार महिने झालेला मुलगा. रात्र. गाडीत तीन मित्र. हायवे. नव्या चालकासाठी ज्या ज्या गोष्टी धोक्याच्या मानल्या जातात, त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच गाडीत. त्यात टायर फुटला असता किंवा काही बरंवाईट झालं असतं, तर तुम्हाला फोन करायला त्याच्याकडे फोनच नव्हता. आणि तुम्ही? तुम्ही स्क्रीनवर मित्राच्या घरावर बसलेला शांत ठिपका बघत निर्धास्त होतात. चार महिन्यांतली सगळ्यात जोखमीची रात्र तुमच्या हिशेबात सगळ्यात सुरक्षित म्हणून जमा झाली.

त्याने लबाडी केली, यात वाद नाही, आणि त्याबद्दल पुढे बोलू. पण ॲप फोनवर लक्ष ठेवतं, मुलावर नाही, हे त्याला तुमच्या आधी कळलं. त्यामुळे या ॲपवर टाकलेला भरवसा आता कमी करायला हवा.

तुमच्या बहिणीशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. तुमची भीती फुकाची नाही. जगात दर वर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातांत जातात, आणि 5 ते 29 या वयातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवा चालक सगळ्यात कच्चा असतो तो परवान्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे तो एकटा गाडी घेऊन जाऊ लागतो तेव्हा. शिकताना शेजारी कुणीतरी मोठं असतं, तोवर आकडे बरे असतात. न्यूझीलंडने 1987 मध्येच यावर एक सरळ उपाय केला: परवाना टप्प्याटप्प्याने द्यायचा. मधल्या टप्प्यात रात्री उशिरा एकट्याने चालवायचं नाही, मित्रांना गाडीत घ्यायचं नाही. नंतर अमेरिकेतली राज्यं आणि इतरही काही देश त्या वाटेने गेले. का, तर रात्र आणि गाडीतले समवयस्क मित्र, या दोन गोष्टींनी किशोरवयीन चालकाचा धोका वाढतो हे पुन्हा पुन्हा दिसून आलं. एरवी समंजस असलेला मुलगा मागच्या सीटवर तीन मित्र बसले की वेगळीच गाडी चालवतो. स्वभाव बिघडतो म्हणून नव्हे, वयच तसं असतं.

गाडी कशी चालवली याची नोंद ठेवण्याचाही उपयोग होतो, हे मी नाकारणार नाही. 2013 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्याने परवाना मिळालेल्या मुलामुलींच्या गाड्यांत एक यंत्र बसवलं होतं. जोरात ब्रेक लागला, वळण वेगात घेतलं की त्यावर दिवा लुकलुकायचा. एका गटाला नुसता दिवा. दुसऱ्या गटात दिव्याबरोबर आईवडिलांकडे अहवालही जायचा. नुसत्या दिव्याने काही फरक पडला नाही. ज्यांच्या घरी अहवाल जात होता, त्यांचं धोकादायक चालवणं कमी झालं. तेव्हा आईवडिलांना माहीत असण्याला किंमत आहे. पण त्या यंत्राने काय सांगितलं ते बघा: गाडी कशी चालवली. मंगळवारी चार वाजता नदीकाठी कोण होतं, हा त्या अहवालाचा विषयच नव्हता.

तुमच्या घरात नेमकी इथे गल्लत झाली. तुम्ही ॲप टाकलंत गाडीसाठी, तो ‘टाक’ म्हणाला गाडीसाठी, आणि बघता बघता त्याचा सगळा दिवसच नकाशावर आला. त्या मंगळवारी तो गाडी घेऊन गेला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नसावा. मग तो कॉलेज बुडवून नदीकाठी बसला होता, इतकंच. एकटा असेल, कुणाबरोबर असेल, मार्क कमी पडल्याचं मनाला लागलं असेल. 18 वर्षांच्या मुलाकडे अशी एखादी दुपार असतेच. आपल्याकडेही होती, फक्त तिची नोंद कुठे झाली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा तो नुसता बघत राहिला. मला वाटतं त्या क्षणी त्याला उमगलं, की आपण एका गोष्टीला हो म्हटलं होतं आणि आई दुसरीच करते आहे. त्यानंतरच फोन मित्राच्या घरी ठेवून जाण्याची युक्ती सुचली. दोन्हींचा संबंध आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण क्रम तुमच्याच पत्रातला आहे.

स्वीडनमधल्या होकान स्टाटिन आणि मार्गारेट कर या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2000 साली एक लेख आला होता. त्याआधी बरीच वर्षं असं मानलं जायचं, की ज्या आईवडिलांना मुलांची बित्तंबातमी असते त्यांची मुलं कमी बिघडतात, म्हणून आईवडिलांनी पाळत ठेवावी. या दोघांनी 14 वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांना वेगळाच प्रश्न विचारला: ही माहिती आईवडिलांना मिळते कुठून? उत्तर आलं, मुख्यतः मुलंच आपणहून सांगतात. विचारून, बंधनं घालून मिळणारी माहिती त्यामानाने थोडी. मी हा लेख बऱ्याच पालकांना सांगते आणि बरेच पालक माझ्यावर नाराज होतात, कारण ‘आपणहून सांगणं’ कुठल्या ॲपमध्ये चालू करता येत नाही. पण तुमचा मुलगा आज कामापुरतं बोलतो, ही तुमच्यासाठी नातं दुखावल्याची गोष्ट आहे तशीच सुरक्षिततेचीही आहे. तुमच्या माहितीचा मुख्य स्रोत आटला आहे.

आता ॲपला काय कळतं आणि काय कळत नाही, हे एकदा माहीत असू द्या, म्हणजे पुढची भांडणं टळतील. फोन उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून आपली जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली ती साधारण 5 मीटरच्या आत बरोबर असते. उंच इमारती, बोगदा, तळघरातलं पार्किंग इथे मात्र तो अंदाज बांधतो, आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो. वेगातले झटके टिपणारा सेन्सर फोनच्या आत असतो. फोन सीटवरून घसरून पायाशी पडला तर काही ॲप्स तोही झटका चालकाच्या नावावर लिहू शकतात. 2022 साली आयफोन 14 मध्ये अपघात ओळखण्याची सोय आली, तेव्हा रोलर कोस्टरमध्ये बसलेल्या लोकांच्या फोनने परस्पर आपत्कालीन सेवेला फोन लावले होते. माणसं वर मजेत किंचाळत होती आणि खाली यंत्रणा धावत होती.

दुसरं, शेजारच्या सीटवर बसलेला प्रवासी कोण आणि चालक कोण, हे ॲपला खात्रीने कळत नाही. माझ्या मुलीच्या खात्यावर एकदा ‘वेगमर्यादा ओलांडली’ असं आलं. मी संध्याकाळी तिला धारेवर धरलं. ती मागच्या सीटवर झोपली होती, गाडी तिची मावशी चालवत होती. माफी मागायला मला दोन दिवस लागले.

आणि तिसरं, जोरात ब्रेक दाबणं हा नेहमी गुन्हा नसतो. समोर कुणी धावत आलं तर ब्रेक जोरातच दाबायला हवा. ॲपमधला स्कोअर मात्र खाली जातो. ‘ब्रेक का दाबलास?’ आणि ‘ब्रेक दाबावा लागला तेव्हा काय झालं होतं?’ या दोन प्रश्नांत फार अंतर आहे. पहिल्याला ‘काही नाही’ असं उत्तर येतं, दुसऱ्याला गोष्ट येते.

एक प्रश्न तुमच्यासाठी. ठिपका रस्त्यात मध्येच थांबलेला दिसला की तुम्ही काय करता? फोन करता ना? मीही करायचे. तो गाडी चालवत असताना वाजणारा फोन आईचा असतो, आणि आईचा फोन न उचलण्याची हिंमत फार कमी मुलांत असते. ताशी 90 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात 25 मीटर जाते. स्क्रीनवर तुमचं नाव वाचायला दोन सेकंद लागले तर 50 मीटर रस्ता त्याने न बघता पार केला. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याचा अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, हेही जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं. तेव्हा तो गाडीत असताना फोन करायचा नाही, हा नियम आजपासून तुमच्यासाठी. त्याच्या फोनमध्ये ड्रायव्हिंगची सोय असेल तर चालू करून द्या. मग चालवताना नोटिफिकेशन वाजत नाहीत आणि काही फोनमध्ये मेसेज करणाऱ्याला ‘गाडी चालवतोय’ असं उत्तरही आपोआप जातं.

यांच्या ‘हक्का’बद्दल थोडंच लिहिते. गाडी तुमची आहे हे खरं, आणि गाडीपुरती अट घालायचा हक्क तुम्हाला नक्की आहे. फोन तुम्ही घेऊन दिलात म्हणून तो सोबत घेऊन जिथे जिथे जाईल ती प्रत्येक जागा तुमची, हे मला पटत नाही. मुलगा 18 वर्षांचा आहे. शिवाय ही माहिती फक्त तुमच्यापाशी राहते असंही नाही. डिसेंबर 2021 मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की कुटुंबांसाठीचं लाइफ360 हे ॲप लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती दलालांना विकत होतं. बभ्रा झाल्यावर कंपनीने धोरण बदललं. 2024 साली जनरल मोटर्सच्या गाड्यांचं प्रकरण बाहेर आलं: चालकांच्या वेगाच्या आणि ब्रेकच्या नोंदी त्रयस्थ कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोचत होत्या, आणि पुष्कळांना त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2025 मध्ये त्यावर कारवाई जाहीर केली. तेव्हा तुमचं ॲप उघडून सेटिंगमध्ये जा आणि माहिती इतरांना देण्याची परवानगी बंद करा. यांनाच सांगा करायला. हक्काची भाषा करणाऱ्याने तेवढं काम करावं.

आता मुलाशी बोलायचं. चालत्या गाडीत नको, घरी बसून. सुरुवात हायवेने करू नका, मंगळवारने करा. “तो प्रश्न मी विचारायला नको होता. ॲप गाडीसाठी होतं.” एवढंच म्हणा आणि थांबा. ‘पण’ लावू नका. ‘पण’ लावलात की पहिलं वाक्य पुसलं जातं.

मग हायवे. “परवा रात्री तुम्ही गाडी घेऊन गेला होतात, मला कळलंय. कुणाकडून, ते विचारू नकोस.” धाकटीचं नाव कुठल्याही परिस्थितीत मध्ये येऊ देऊ नका, आणि त्याच्याशी बोलण्याआधी तिला सांगून ठेवा. तिने भावाच्या काळजीपोटी सांगितलं असेल. तिची चुगलखोर म्हणून ओळख झाली तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल. बाहेर गेल्याची शिक्षा गाडीपुरतीच ठेवा. काही आठवडे गाडी नाही, किंवा मित्रांसह नाही आणि रात्री नाही. फोन काढून घेणं, बाहेर जाणं बंद करणं, हे त्यात मिसळू नका. चूक गाडीची, दंड गाडीचा.

त्यानंतर नवा करार. ठावठिकाणा बंद, चालवण्याचा अहवाल चालू. अहवाल रोज बघायचा नाही, आठवड्यातून एकदा, दोघांनी मिळून, त्याच्या हातात फोन देऊन. किती दिवस, ते आधीच ठरवा. मी सहा महिने म्हणेन. शेवटची तारीख नसलेली देखरेख कुणीही पाळत नाही, चुकवतो. आणि तेच ॲप तुमच्या आणि यांच्या फोनमध्येही टाका. तुमचा स्कोअर त्याच्यापेक्षा कमी आला तर घरातलं वातावरण निवळायला तेवढंही पुरेल. आमच्याकडे ह्यांचा आला होता, अजून विषय निघतो.

लांबच्या किंवा रात्रीच्या प्रवासाला तुमचा जीव टांगणीला लागणार, ते मी समजू शकते. त्यासाठी चोवीस तासांचा ठिपका लागत नाही. गुगल मॅप्समध्ये 2017 पासून ठरावीक वेळापुरतं लोकेशन पाठवता येतं. एक तास म्हटलं तर तासाने आपोआप बंद. दोघांकडेही आयफोन असेल तर 2023 साली आलेली ‘चेक इन’ ही सोय बघा. निघताना तो चालू करतो, पोचला की तुम्हाला ‘पोचलो’ असं कळतं, आणि वाटेत काही अडलं आणि त्याच्याकडून उत्तर आलं नाही तरच ठिकाण कळतं. दोन्हींत बटण त्याच्या हातात आहे, हे मला आवडतं.

अजून एक वचन त्याला द्या, आणि ते द्यायला जड जाईल. रात्री कितीही वाजता, कुठूनही, चालवण्याच्या अवस्थेत नसशील किंवा जो चालवतोय तो नसेल, तर फोन कर. आम्ही घ्यायला येऊ आणि सकाळपर्यंत एक प्रश्न विचारणार नाही. सकाळपर्यंत म्हणजे खरंच सकाळपर्यंत. घरी येताना गाडीत नुसता सुस्कारा टाकलात तरी वचन मोडलं असं समजा.

आता तुमच्याबद्दल. “रात्री जाग आली तरी बघते,” असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी तो कुठे असतो? बहुतेक रात्री शेजारच्या खोलीत, झोपलेला. चार पावलांवर असलेल्या मुलाला तुम्ही उपग्रहावरून शोधताय. ही सवय आधी तुमच्या फोनमधून काढा. त्याच्या फोनमध्ये ॲप काय करतंय ते नंतर बघू. पुढचे पंधरा दिवस फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. जाग आली तर उठा, त्याच्या दारापाशी जा, परत या. तरीही छाती धडधडत राहिली, झोप लागेना, दिवसा कामात चुका होऊ लागल्या, तर ती मुलाची गोष्ट राहिली नाही. समुपदेशकाला भेटा, त्यात कमीपणा नाही.

आणि दंडाचे आठवडे संपले की पहिलं काम: त्याच हायवेला रात्री त्याच्याबरोबर जा. तो चालवेल, तुम्ही शेजारी. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले की कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघायचं, ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, झोप येतेय हे कसं ओळखायचं, असलं काही कुठलंही ॲप त्याला शिकवणार नाही. पावसातही एकदा जा. तुम्ही नसलेला ब्रेक दाबाल, मुलीला शिकवताना मी इतका दाबायचे की माझ्या बाजूची पायाखालची चटई फाटली. तो हसेल. हसू द्या, आणि डावीकडचा ट्रक त्याला दिसलाय का, तेवढं विचारा.